तक्रार शमली

डॉक्टर नजीर पटवेकरांचा फोन आला तेव्हा हर्षदा झांबरे नुकती डबा उघडून बसली होती. पटवेकर मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात हृदयविभागाचे प्रमुख. माणूस भलता गप्पिष्ट. फोन केला की आधी जेवणाची चौकशी, मग हवापाण्याची, आणि कामाचं सगळ्यात शेवटी. त्या दिवशी मात्र त्यांनी एकदम विचारलं, "हर्षदाताई, माझे पेशंट कुठं गेले?"

कोंबडतापाच्या साथीचा तो तिसरा महिना होता. तापाचे वॉर्ड ओसंडत होते, व्हरांड्यात गाद्या टाकल्या होत्या, आणि पटवेकरांच्या विभागात अठ्ठावीस खाटांपैकी चार भरलेल्या. एरवी आठवड्याला तीस-पस्तीस हार्ट अटॅक यायचे, ते आता पाच-सहावर आले होते. साथ आली म्हणून काय लोकांच्या रक्तवाहिन्या धुऊन निघाल्या, असं ते चिडून विचारत होते. अठरा वर्षांपूर्वी करोनाच्या सालात त्यांनी हेच पाहिलं होतं. तेव्हा लोक दवाखान्याच्या भीतीने छाती दाबून घरी बसले. पण तेव्हा टिकली नव्हती, आता होती. टिकली कुणाला घरी बसू देत नाही, असं सगळा जिल्हा मानत होता, आणि ते ठासून सांगणाऱ्यांत हर्षदाच सगळ्यात पुढे होती.

टिकली म्हणजे रुपयाएवढी चकती. डाव्या छातीवर चिकटवायची, महिन्याने बदलायची. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. पहिल्यांदा टिकल्या वाटल्या तेव्हा तासगावच्या बाजारात पुरुषमंडळी एकमेकांना चिडवायची, की आता बांगड्याही भरा म्हणजे झालं. पण वर्षभरात चाळिशीपुढच्या जवळजवळ प्रत्येक छातीवर ती आली. हृदयाचा प्रत्येक ठोका ही एक बारीकशी विजेची लाट असते. ती लाट टिकली टिपायची, सोबत नाडी, घाम, श्वास, आणि सगळं सांगलीच्या हृदयरक्षा केंद्रात पाठवायची. तिथला प्रोग्रॅम त्यावरून शंभरापैकी एक आकडा काढायचा. आकडा तिसाच्या आत असला की टिकलीवरचा दिवा हिरवा. साठापर्यंत पिवळा, मग केंद्रातून फोन जायचा. साठाच्या वर लाल, आणि न बोलावता ॲम्ब्युलन्स दारात. छातीत दुखायला लागलं की माणूस स्वतःशीच वाद घालतो, गॅस असेल, काल भजी खाल्ली, सकाळी बघू. टिकली असला वाद घालत नसे. चार वर्षांत तिने जिल्ह्यात दोन हजारांवर माणसं वाचवली होती, आणि शिफ्टची प्रमुख म्हणून हर्षदा त्यातल्या कितीतरी घरांतले पेढे खाऊन आली होती.

म्हणून तिने पटवेकरांना नेहमीचंच उत्तर दिलं. लाल टिकल्याच कमी झाल्यात, लोक घरी आहेत, दगदग नाही, धावपळ नाही. कलेक्टरांनी तर दवाखान्यातली गर्दी टळली म्हणून केंद्राला अभिनंदनाचं पत्र धाडलं होतं. पटवेकरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, करोनात आम्हीही स्वतःची अशीच समजूत घातली होती. मग म्हणाले, हिरव्या टिकल्यांच्या दहा लाटा पाठवा, माझ्या डोळ्यांनी बघतो.

तिने पाठवल्या. तासाभरात दहांतल्या तीन परत आल्या. प्रत्येकीखाली एकच ओळ होती: हा माणूस माझ्या टेबलावर पाहिजे होता.

हर्षदाने ते तीन नंबर काढले. तिन्ही टिकल्यांच्या नावापुढे आता एकच शेरा होता, टिकली सैल झाली आहे. छातीवरून टिकली निघाली की तिला ठोका सापडत नाही, आणि मग ती घरच्यांच्या मोबाइलवर तसा निरोप पाठवते. तिने घरी फोन लावले. तिन्हीकडून उत्तर मिळालं की बरे आहेत, टिकली काढून ठेवलीय, आणि फोन झटकन बंद झाले.

तिचं जेवण राहिलंच. नवख्यांना शिकवायला केंद्रात तोच प्रोग्रॅम असलेलं एक वेगळं यंत्र होतं, त्यावर तिने पहिल्या माणसाची लाट चढवली. आकडा आला सव्वीस. त्या यंत्राला एक खूण होती, साथ आहे की नाही ते सांगणारी. तिने ती पुसली आणि तीच लाट पुन्हा दिली. आकडा आला चौऱ्याहत्तर. तिने तीनदा करून पाहिलं. माणूस तोच, लाट तीच. साथ नसली तर तो मरणाच्या दारात, साथ असली तर ठणठणीत.

असल्या यंत्राला कुणी बसून नियम शिकवत नाही. ते नव्या सुनेसारखं शिकतं, घरात काय चालतं ते मुकाट बघून. त्याच्यापुढे लाखो जुन्या नोंदी ठेवायच्या. या माणसाला असं दुखलं, पुढे त्याचं हे झालं. त्या माणसाला तसं दुखलं, पुढे त्याचं ते झालं. त्यातून ते आपलं आपण ठरवतं की कशाचा शेवट कशात होतो. करोनाच्या सालातल्या नोंदी बघून ते शिकलं होतं की साथ असली की छातीचं दुखणं बहुतेक वेळा आपोआप शमतं. लोक घाबरतात, धडधडतं, मग बरं होतं. नोंदी तर तेच सांगत होत्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या नोंदी तिने उघडल्या. एकाखाली एक, पानंच्या पानं. छातीत दुखणे, डावा हात जड, घाम. आणि शेवटच्या रकान्यात: तक्रार शमली. नोंद करणाऱ्याचा क्रमांक, ह-१७.

ह-१७ म्हणजे तीच होती.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूमसाठी तासगावजवळच्या गावी, घरात बसूनच काम करायची. ज्यांनी आदल्या दिवशी गाडी मागवून मग नको म्हटलं, त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचं, पेशंट कसा आहे. बहुतेक म्हणायचे, बरे आहेत आता. काही फोनच उचलायचे नाहीत. फॉर्ममध्ये शेवट भरल्याशिवाय नोंद बंद व्हायची नाही, आणि रोज ऐंशी नोंदी बंद करायच्या असत. वरच्यांनी सांगून ठेवलं होतं की नीट कळलं नाही तर शमली टाका. ती टाकत गेली. लोक खोटं बोलताहेत हे तिला कळत नव्हतं असं नाही. घरी माणूस गेला म्हणून कळवलं की पिशवीत गुंडाळून न्यायचे, तोंड बघायला मिळायचं नाही, घराला पत्रे ठोकायचे, गावात कुणी पाण्याला विचारायचं नाही. मग लोक म्हातारपणाने गेले असं सांगून परस्पर उरकून घ्यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिला कळत होतं, कारण तिच्या घरीही तेच झालं होतं.

तिचे वडील, अण्णा, बेदाण्याच्या शेडवर मुकादम. त्या एप्रिलात मजूर गावी निघून गेलेले, म्हणून ते स्वतःच क्रेट उचलत होते. दुपारी दोनला घरी आले ते छाती धरूनच. बापूकाकाने, म्हणजे तिच्या चुलत्याने, गाडीला फोन लावला. अण्णा चप्पल घालून ओट्यावर तयार बसले. आणि हर्षदा म्हणाली, नको. दिवसभर तिच्या कानावर दवाखान्यांचंच येत होतं, आत गेलेला बाहेर येत नाही. ती म्हणाली, थोडं थांबू या, ॲसिडिटी असेल. गाडी परत पाठवली. अण्णा रात्री आठला गेले. सहा तास लागले त्यांना. त्या सहा तासांत ते काय काय बोलले ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. पहाटे शेताच्या बांधावर उरकलं. धाकटा भाऊ सुहास तेव्हा वीस वर्षांचा, बंगलोरला अडकलेला. त्याला आईने सांगितलं, झोपेत गेले, काही कळलंसुद्धा नाही त्यांना. आणि हर्षदाला शपथ घातली, की हे कधी तोंडातून काढायचं नाही. सुहासने वडिलांचं तोंडही पाहिलं नव्हतं. आपल्या अक्काने त्यांना दवाखान्यात जाऊ दिलं नाही हे कळलं तर तो अक्काचंही तोंड पाहणार नाही, ही आईची भीती.

दुसऱ्या दिवशी फोन करायच्या यादीत घरचाच नंबर आला. तिने फोन केलाच नाही. नुसतं टाकलं, तक्रार शमली.

केंद्राचे संचालक कारखानीस वाईट माणूस नव्हते, नुसते धास्तावलेले होते. हर्षदाने त्यांना दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ती खूण काढायचा अधिकार त्यांना नव्हता, त्याला राज्याच्या समितीची सही लागायची, आणि समिती सोमवारी बसणार होती. शिवाय जिल्ह्यात गाड्या बावीस, त्याही तापाच्या पेशंटमागे. उद्या शेकडो टिकल्या लाल झाल्या तर पाठवायचं काय? आणि दवाखान्यात आणलेला माणूस तिथंच ताप घेऊन मेला तर? एका डॉक्टरच्या नजरेवर समिती हलणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

"मला एक केस आणून द्या," ते म्हणाले. "टिकली हिरवी, आणि माणूस हृदयविकाराने गेलेला. दवाखान्याच्या कागदावर. एक पुरे."

पण तीच तर गोम होती. हिरवी टिकली पाहून माणूस त्या तिघांसारखा घरी थांबायचा, आणि घरी मेलेला माणूस कागदावर यायचाच नाही. कोंबडतापाच्या दिवसांत घरात कुठल्याही दुखण्याने कुणी गेलं की तपासणीआधीच घराला एकवीस दिवस सील, आणि त्या गल्लीतली एकूण एक कोंबडी मारून खड्ड्यात. अर्ध्या तालुक्याच्या परसात पोल्ट्रीच्या शेड होत्या. मेलेल्यासाठी जिवंतांच्या पोटावर पाय कोण देईल? गल्लीच मिळून ठरवायची, की म्हातारी झोपेत गेली. तरी जुन्या नोंदी खोट्या होत्या हे कुणी लिहून दिलं तर निदान समितीपुढे ठेवता येईल, असं हर्षदाला वाटलं.

शनिवारी सकाळी ती ह-१७ च्या यादीला बसली. जिल्ह्यातल्या छातीदुखीच्या दोनशे बारा शमलेल्या तक्रारी. नवरा आणि मुलगी साथीमुळे कऱ्हाडला सासरी अडकलेले, घरी जायची घाई नव्हती. निम्मे नंबर बंद होते. काहींनी त्या वेळचं आता कशाला म्हणून फोन ठेवला. दुपारी दोनपर्यंत एकतीस जण बोलले, त्यांपैकी एकोणीस जणांनी अडखळत कबूल केलं, की तेव्हाच गेले, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या. कुपवाडच्या सुलोचनाबाई म्हणून एक म्हाताऱ्या होत्या. त्यांना तो फोन चांगला आठवत होता.

"तू विचारलंस कसे आहेत, तेव्हा आम्ही नुकतं सावडून आलो होतो बाई," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं बरे आहेत. तू किती गोड आवाजात म्हणालीस, काळजी घ्या."

हर्षदाने विचारलं, हे लिहून द्याल का. सुलोचनाबाईंनी सरळ नाही म्हटलं. दाखल्यावर वार्धक्य लिहिलंय, मुलगा नोकरीत आहे, आता कशाला उकरायचं. एकोणीसपैकी एकानेही लिहून द्यायला होकार दिला नाही. त्यांना दोष तरी कुठल्या तोंडाने द्यावा, स्वतः हर्षदाने तरी कुठं लिहून दिलं होतं?

यादीत पुढचा नंबर घरचा होता. अठरा वर्षांत आईने तो बदलला नव्हता.

तिने आईला सगळं सांगितलं आणि विचारलं, अण्णांचं मी माझ्या नावानिशी लिहून देऊ का. नोकरी जाईल, जाऊ दे. आई म्हणाली, "आन् सुहासला काय सांगशील?" हर्षदा म्हणाली, कधीतरी सांगावं लागेलच. आई म्हणाली, मी मेल्यावर सांग, मी हाय तवर नगं. मधेच थांबून तिने श्वास घेतला. हर्षदाने विचारलं, दमल्यासारखी का वाटतेस. आई म्हणाली, "बरी हाय मी. टिकली हिरवी हाय," आणि फोन ठेवला.

हर्षदाने पुढचा नंबर लावला. विट्याचे एक गृहस्थ होते. वडील कसे होते त्या दिवशी, असं विचारताच ते म्हणाले, बरे होते. हे दोन शब्द सकाळपासून तिने इतक्या वेळा ऐकले होते की आता त्यांची चाल तिच्या कानात बसली होती. थोडं घाईने, थोडं वरच्या पट्टीत, आणि पुढे काही विचारू नका असं. आताच, दोन मिनिटांपूर्वी, ती चाल तिने आईच्या तोंडून ऐकली होती.

तिने आईची टिकली पडद्यावर उघडली. लाट सकाळी अकरापासून वाकडी झालेली. आकडा सत्तावीस. दिवा हिरवा. घड्याळात अडीच वाजले होते.

हिरव्या टिकलीला गाडी पाठवायची असेल तर शिफ्टच्या प्रमुखाने आपल्या सहीने पाठवायची आणि मागून जाब द्यायचा, असा नियम होता. तिने सही केली. तासगावची गाडी वीस मिनिटांत दारात पोचली, आणि गाडीवरच्या रोहिदासचा फोन आला, की मॅडम, आजी चढायला तयार नाहीत. गल्ली सगळी दारात आलीय. बापूकाका गाडीसमोर उभे राहून म्हणताहेत की बाईला काही झालं नाही, टिकली हिरवी आहे. त्यांच्या शेडमध्ये चार हजार पक्षी होते.

हर्षदाने आईला फोन द्यायला सांगितलं.

"आई, अण्णांना मी बसू दिलं नाही," ती म्हणाली. "तू आत्ता बसली नाहीस तर पुढचा फोन मी सुहासला लावणार. सगळं सांगणार."

आई धापा टाकत म्हणाली, "बसते. पर त्याला सांगू नगंस."

"नाही सांगत."

"शप्पत?"

"शपथ," हर्षदा म्हणाली.

आईला असं धमकावून गाडीत चढवल्याची तिला लाज वाटली, आणि ती चढली म्हणून हायसंही वाटलं. तिने पटवेकरांना तयार राहायला सांगितलं आणि स्कूटर काढून बुधगावच्या फाट्यावर जाऊन उभी राहिली. तासगावहून मिरजेला जाणारी गाडी तिथूनच जाणार होती. ती तिथून आईजवळ बसणार होती. रस्ता रिकामा होता. द्राक्षबागांवरून गरम वारा येत होता. तिने हिशेब केला, कवलापूर आलं असेल, आता दहा मिनिटं. तेवढ्यात मोबाइल वाजला. केंद्राचा निरोप होता, जवळचं नातेवाईक म्हणून तिचाच नंबर दिलेला होता.

टिकली सैल झाली आहे. कृपया पुन्हा लावा.

ती निरोपाकडे बघत राहिली. सैल झालीच असेल, घामाने होते, असं तिने स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. मग ती रस्त्याच्या कडेला मातीत बसली. गाडी आली ती सायरन बंद करूनच. रोहिदास खाली उतरला. त्याच्या दंडापर्यंत घाम निथळत होता. कवलापूरच्या पुढे ठोका गेला, सगळं करून पाहिलं, असं तो म्हणाला आणि बाजूला झाला. आई पाठीवर पडली होती. टिकली छातीवर घट्ट चिकटलेली होती. हर्षदाने आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. कपाळ अजून गरम होतं.

रोहिदास चांगला पोरगा होता, गावाकडचा होता, त्याला सगळं कळत होतं. तो हळूच म्हणाला की मी अजून काही लिहिलेलं नाही. दवाखान्यात नेलं तर साथीचा नियम लागणार, पिशवीत घालणार, मिरजेतच जाळणार, घरच्यांना जवळ येऊ देणार नाहीत, गावात घर सील होणार. त्यापेक्षा मागे फिरू. पेशंटने नकार दिला, तक्रार शमली, असं टाकतो. घरी नेऊन ठेवू, गल्ली आपलीच आहे.

हर्षदा उत्तर देणार तोच सुहासचा फोन आला. आईला गाडीत घालून नेल्याचं बापूकाकाने त्याला कळवलं होतं. तिने त्याला आई गेल्याचं सांगितलं. तो फोनवर खूप रडला. मग त्याचं डोकं चालू लागलं. तो म्हणाला की पास काढतो, आत्ता निघतो, पहाटेपर्यंत पोचतो.

"अक्का, गाडी मागं फिरव," तो म्हणाला. "अण्णांचं तोंड मला दिसलं नाही. आईचं तरी बघू दे. झोपेत गेली असं सांगू गावाला. काका सांभाळून घेतील."

हर्षदा आईकडे बघत होती. हिरवी टिकली, आणि हृदयविकाराने गेलेलं माणूस. दवाखान्याच्या कागदावर. एक पुरे, असं कारखानीस म्हणाले होते. ती एक इथं तिच्यासमोर पडली होती, आणि गाडी मागे फिरली की ती केसही झोपेत जाणार होती. या घटकेला जिल्ह्यात किती जण हिरव्या दिव्याकडे बघत छाती चोळत बसले असतील ते तिला माहीत नव्हतं. भाऊ मात्र एकच होता. तिला वाटलं, कुणीतरी दुसऱ्याने ठरवावं. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"सुहास, मी तिला मिरजेला नेते," ती म्हणाली. "तुला दिसणार नाही ती."

तो ओरडला, विनवण्या केल्या, शेवटी म्हणाला की तू असं कसं करू शकतेस, तू तर अण्णांच्या उशाशी होतीस, तुला काय कळणार. तेव्हा हर्षदाने अर्ध्या तासापूर्वी घेतलेली शपथ मोडली. अण्णा झोपेत गेले नव्हते, ती म्हणाली. ते ओट्यावर चप्पल घालून बसले होते, गाडी आली होती, मी परत पाठवली. सहा तास. आणि दुसऱ्या दिवशी शमली म्हणून लिहिलं ते मीच. त्या लिहिण्यावरून यंत्र शिकलं, आणि आज आईला घरी बसवलं ते त्या यंत्राने. पुन्हा तेच लिहू का मी?

सुहासने फोन ठेवला.

"मिरजेला घ्या," हर्षदा रोहिदासला म्हणाली आणि आईजवळ बसली.

हृदयाचा स्नायू मेला की त्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं. आईच्या रक्तात ते भरभरून होतं, आणि कोंबडतापाचा मागमूसही नव्हता. पटवेकरांनी दाखल्यावर सगळं लिहिलं, खाली टिकलीची लाट जोडली, सही करताना एवढंच म्हणाले की साडेअकराला आल्या असत्या तर संध्याकाळी चहा प्यायल्या असत्या. त्यांना ते बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं. तरी साथीच्या नियमाने आईला पिशवीत घालूनच नेलं. गावात घर सील झालं, आणि तपासणीचा निकाल गावात पोचायच्या आधीच गल्लीतली सगळी कोंबडी मारली गेली. बापूकाकाने फोन करून हर्षदाला नको नको ते ऐकवलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

सोमवारी समितीपुढे दोन कागद गेले. एक आईचा दाखला, दुसरा अण्णांच्या नोंदीबद्दल हर्षदाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं. दुपारी बाराला साथीची खूण पुसली गेली. संध्याकाळपर्यंत जिल्ह्यात एकेचाळीस टिकल्या लाल झाल्या. गाड्या पुरल्या नाहीत, लोकांनी जीपने, ट्रॅक्टरने माणसं आणली, नऊ जण वाटेतच गेले. पटवेकरांचा फोन आला, वॉर्ड भरला म्हणून सांगायला. पाठीमागून खाटा सरकवल्याचे आवाज येत होते. त्याच दिवशी खोटी नोंद केल्याबद्दल हर्षदाला कामावरून दूर केलं. कारखानीसांनी पत्र हातात देताना खाली मान घातली होती.

सुहास आलाच नाही. त्याचा फोन आला तो तेराव्यानंतर, चौदाव्या दिवशी. हर्षदाने तो पहिल्याच रिंगला उचलला. तो आईबद्दल काही बोलला नाही. जेवलीस का विचारलं, तिने हो म्हटलं. मग त्याने विचारलं, "त्या सहा तासांत अण्णा काही म्हणाले होते का?"

काही नाही, असं सांगता आलं असतं. ते सोपं होतं, त्याने मानलंही असतं.

"म्हणाले होते," हर्षदा म्हणाली. "सारखं एकच म्हणत होते. सुहासला बोलवा, तो मला नेईल."